कापसाचे वर्ष आणि अठ्ठावीस दिवसांचा महिना : यवतमाळ जिल्ह्यातील चालू देण्याच्या वस्तू

१

वस्तू विकत घेतली, तिची किंमत चुकती केली, म्हणजे तिच्यासंबंधीचे देणे संपले, अशी व्यवहारात सर्वसाधारण समजूत असते. गेल्या शंभर वर्षांत घरोघर आलेल्या कित्येक उपकरणांच्या बाबतीत मात्र ती खरी ठरलेली नाही. नभोवाणीचा संच, छपरावरची दूरचित्रवाणीची छत्री, खिशातील मोबाइल या वस्तूंची किंमत एकदा द्यावी लागते. परंतु त्या उपयोगात राहाव्यात म्हणून पुन्हा पुन्हा काही रक्कम द्यावीच लागते. ती थांबली की वस्तू घरात असूनही नसल्यासारखी होते. या रकमेस प्रस्तुत लेखात ‘चालू देणे’ असे म्हटले आहे.

चालू देण्याविषयीची तक्रार बहुधा त्याच्या रकमेपुरती मर्यादित असते. ‘दर फार वाढले’ एवढेच बोलले जाते. तथापि या प्रश्नाचा इतिहास पाहिला असता रकमेइतक्याच, किंबहुना तिच्याहूनही महत्त्वाच्या अशा दोन गोष्टी दृष्टीस पडतात. पहिली गोष्ट देण्याच्या कालक्रमाची : ते वर्षाकाठी द्यावयाचे, की महिन्यामहिन्याने? दुसरी गोष्ट देणे थकल्यावर काय होते याची : कोणी मागावयास येतो, की वस्तूच बंद पडते?

या दृष्टीने यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. वऱ्हाडातील हा जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जात असे. १९०५ साली त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. मध्यप्रांत व वऱ्हाड, मध्य प्रदेश, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र असा त्याचा राजकीय प्रवास झाला. या सर्व स्थित्यंतरांत एक गोष्ट बदलली नाही. जिल्ह्यातील बहुतांश शेती कोरडवाहू असून कापूस हे तिचे मुख्य नगदी पीक राहिले. मृगाच्या पावसावर पेरणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास सीतादही करून वेचणीस आरंभ आणि त्यानंतर काही आठवड्यांच्या अंतराने होणाऱ्या वेचण्यांनंतर उलंगवाडी, असा पऱ्हाटीचा क्रम आहे. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा येतो तो मुख्यतः वर्षातून एकदा, कापसाचा चुकारा हाती पडतो तेव्हा. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंतचे महिने बियाणे, खत, निंदण आणि फवारणी यांच्या खर्चाचे असतात, प्राप्तीचे नसतात. अशा घरात चालू देण्याची वस्तू शिरली म्हणजे दोन पंचांगांची गाठ पडते.

२

अवजारासाठी चालू देणे देण्याची पद्धत यंत्रयुगाबरोबरच आली असे मानणे बरोबर नाही. वखर, डवरा, तिफण आणि गाडी या वस्तू शेतकऱ्याच्या मालकीच्या असत. पण सुतार आणि लोहार यांच्या सततच्या सेवेवाचून त्या वर्षभरही चालल्या नसत्या. वखराची पास पाजळणे, तिफणीचे दाते बसविणे, चाकावर धाव चढविणे ही कामे वेळोवेळी करावी लागत. प्रत्येक कामाचे पैसे त्या त्या वेळी दिले जात नसत. हंगामाच्या अखेरीस खळ्यावर ज्वारीची रास पडली म्हणजे तीतून ठरलेला वाटा कारागीर नेई. हीच बलुत्याची पद्धत होय. वऱ्हाडात ती थोड्याफार फरकाने रूढ होती.

या पद्धतीत दोन गुण होते. देणे पिकाच्या पाठोपाठ येई. पीक येण्यापूर्वी कोणी ते मागत नसे. शिवाय रास लहान झाली की वाटाही लहान होई, म्हणजे दुष्काळाचा भार उभयतांनी वाटून घेतला जाई. परंतु या गुणांचे अवास्तव कौतुक करण्याचे कारण नाही. कारागिराचे काम जातीने ठरलेले होते. वाटा कमी मिळाला तरी त्यास सहजासहजी दुसरा धंदा धरता येत नसे. आणि खळ्यावर वाटा मागण्यास उभे राहण्यात जो कमीपणा होता तो त्याच्याच वाट्यास येई. शेतकऱ्याची सोय ही अंशतः कारागिराच्या परावलंबनावर उभी होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापसाच्या व्यापाराने ही घडी मोडण्यास आरंभ झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसास मोठी मागणी आली. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंदमापी रेल्वे सुरू झाली. धान्याच्या राशीऐवजी रोख रुपया हे व्यवहाराचे माप बनले. चालू देणे रोखीत देण्याची भूमिका अशा रीतीने तयार झाली. मात्र रोख रुपया येण्याचा काळ पूर्वीप्रमाणेच वर्षातून एकदाचा राहिला.

३

आधुनिक अर्थाने चालू देण्याची पहिली घरगुती वस्तू म्हणजे नभोवाणीचा संच. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. संच बाळगणाऱ्याने वर्षास दहा रुपये भरून परवाना घ्यावा आणि त्यांपैकी आठ रुपये कंपनीस मिळावेत, अशी योजना होती. परंतु १९२७ च्या अखेरीस साऱ्या देशात परवान्यांची संख्या ३,५९४ होती, आणि १९२९ च्या अखेरीस ती अवघी ७,७७५ झाली. मुंबईच्या प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॅट असून त्याचा भरवशाचा पल्ला तीस मैलांच्या आसपास होता. दूरच्या श्रोत्यास परवान्याचे दहा रुपये तेवढेच, आणि ऐकू येईल ते मात्र नशिबावर. संच असूनही परवाना न घेणारे लोक पुष्कळ होते. १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे निघाले आणि १ एप्रिलपासून सरकारने ते काम आपल्याकडे घेतले.

परवाना चुकविणाऱ्यांस आवर घालणे तोपर्यंतच्या कायद्याने कठीण होते. त्यासाठी १९३३ चा बिनतारी तारायंत्राचा कायदा करण्यात आला आणि १ जानेवारी १९३४ पासून तो अमलात आला. या कायद्याने परवान्याशिवाय संच नुसता बाळगणे हाही अपराध ठरला. पहिल्या अपराधास शंभर रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक अपराधास अडीचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकत असे. संच स्वतःच्या पैशाने घेतलेला असला तरी तो घरात ठेवण्याचा हक्क वर्षावर्षाने नव्याने विकत घ्यावयाचा, हे तत्त्व येथे प्रथमच स्पष्ट शब्दांत मांडले गेले.

यवतमाळच्या श्रोत्यास जवळचे म्हणता येईल असे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी नागपूर येथे सुरू झाले. त्यापूर्वी मुंबई-दिल्लीसारखी दूरची केंद्रे पकडावी लागत. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात संचांची संख्या तीन लाखांच्याही आत होती. त्यावरून आडवळणाच्या तालुक्यांतील स्थितीची कल्पना करता येईल. पुढे वार्षिक परवान्याची रक्कम पंधरा रुपये झाली. टपाल कचेरीत जाऊन ती भरावयाची आणि परवाना-पुस्तिकेत तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यावयाचा, हा विधी एका पिढीच्या परिचयाचा होता. दूरचित्रवाणी आली तेव्हा तिच्यासाठीही पन्नास रुपयांचा वार्षिक परवाना लागू करण्यात आला.

या व्यवस्थेकडे आज मागे वळून पाहता तिची दोन वैशिष्ट्ये लक्षात येतात. एक, देणे वार्षिक होते. कापसाचे पैसे आले की परवाना उरकून टाकता येई. दोन, परवाना थकला तरी संच मुका होत नसे. नागपूर केंद्राच्या ध्वनिलहरी परवानाधारक आणि परवानाहीन असा भेद करीत नसत. थकबाकीदार शोधण्यासाठी निरीक्षकाला घरापर्यंत यावे लागे, पुस्तिका मागावी लागे, आणि त्याच्यापुढे अडचण सांगता येई. त्यात जाचही होता. परवाना-निरीक्षक आल्याचे कळताच संच कापडाखाली झाकण्याचे प्रसंग त्या पिढीच्या आठवणींत आहेत. परंतु सक्तीचे साधन मनुष्य होता, यंत्र नव्हते. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या दोहोंचेही परवाने रद्द झाले आणि हे देणे संपुष्टात आले.

४

परवान्याबरोबरच नभोवाणीचे दुसरेही एक देणे होते, ते बॅटरीचे. वीज न पोहोचलेल्या खेड्यांत जुने नलिकांचे संच कोरड्या बॅटरीच्या गठ्ठ्यांवर किंवा शिशाच्या संचायकावर चालत. संचायक भारित करून आणण्यासाठी तो शहरगावी न्यावा लागे. हा खर्च परवान्याहून जड होता. १९५६ साली पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साह्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा जो प्रयोग झाला, त्यात पाच जिल्ह्यांतील १५० गावे होती. यवतमाळ त्या वेळी मध्य प्रदेशात असल्याने त्यात नव्हते. एका सार्वजनिक संचाभोवती गाव जमविण्याच्या या कल्पनेमागे लोकशिक्षणाचा हेतू होता, हे खरेच. परंतु संच आणि त्याचा चालू खर्च एकेका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता, हेही त्यात गृहीत होते.

साठीच्या दशकात ट्रान्झिस्टर पसरू लागले तेव्हा हा खर्च दोन-चार सेलांवर आला. सेल उतरले तर ते उन्हात ठेवावेत, बातम्या आणि बाजारभाव एवढ्यापुरताच संच लावावा, सण आला की नवे सेल आणावेत, अशी काटकसर घरोघर चाले. येथे देण्याचा वेग कुटुंबाच्या हाती होता. संच बंद ठेवला तर सेल खर्ची पडत नसत. वस्तूच्या वापरानुसार देणे, आणि न वापरल्यास देणे नाही, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य पुढील काळाशी तुलना करताना लक्षात ठेवावयास हवे.

५

परवाने गेल्यानंतरच्या वीस वर्षांत छपरावरील साध्या अँटेनाने दूरदर्शन दिसत असे आणि त्यासाठी नियमित काहीही भरावे लागत नसे. चालू देणे परत आले ते केबलच्या आणि मागाहून उपग्रह-छत्रीच्या रूपाने. भारतात थेट घरी पोहोचणाऱ्या उपग्रह-सेवेचा आरंभ २००३ साली झाला. या सेवेत एक नवी गोष्ट होती. संकेत सांकेतिक रूपात येई, आणि तो उलगडणारी किल्ली ग्राहकाच्या पेटीत असली तरी तिचे नियंत्रण कंपनीकडे असे. मुदत संपताच पडद्यावर भरण्याची सूचना उमटे आणि चित्र नाहीसे होई. ज्या कामासाठी १९३३ चा कायदा, निरीक्षक आणि दंड यांची गरज भासली होती, ते आता एका अदृश्य आज्ञेने होऊ लागले.

शिवाय एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या सेवेस निरुपयोगी होती. कंपनी बदलावयाची तर बहुधा नवी पेटी, आणि जुनी माळ्यावर. हा अडथळा दूर व्हावा म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये परस्परानुकूल पेट्यांची शिफारस केली. त्यापूर्वी, फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नव्या दररचनेत पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी करांखेरीज दरमहा १३० रुपये हे मूळ शुल्क ठरले. सशुल्क वाहिन्यांचे दर त्याहून वेगळे.

याच काळात दुसरा एक मार्गही उपलब्ध होता. प्रसारभारतीने डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही सेवा सुरू केली. तीच पुढे ‘डीडी फ्री डिश’ झाली. छत्री आणि पेटी एकदा विकत घेतली की मासिक देणे नाही, हे तिचे तत्त्व होते. उपग्रहाद्वारे प्रसारण करणे आणि मासिक देणे आकारणे या दोन गोष्टी एकमेकींस अपरिहार्यपणे जोडलेल्या नाहीत, हे या उदाहरणाने सिद्ध होते. चालू देणे हा यंत्राचा गुणधर्म नसून व्यवस्थेने केलेली निवड आहे. मात्र फुकट मार्गही कायमचा असतोच असे नाही. दूरदर्शनने आपले जमिनीवरील बहुतेक जुने प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद केले, आणि साध्या अँटेनावर अवलंबून असलेले संच पेटीवाचून मुके झाले.

६

मोबाइलच्या बाबतीत हा इतिहास अधिक वेगाने घडला. २००३ पासून येणारे बोलावणे ग्राहकास विनामूल्य झाले. अनेक कुटुंबांनी केवळ येणाऱ्या बोलावण्यांसाठी मोबाइल घेतला आणि शिल्लक अगदी थोडी ठेवली. २००५ च्या अखेरीस सुमारे हजार रुपयांत ‘आजीवन’ मुदतीच्या योजना निघाल्या. एकदाच मोठी रक्कम द्यावी, पुढे बोलावे तेवढेच पैसे जावेत, ही रचना कापसाच्या वर्षाशी पुष्कळ जुळणारी होती. परंतु या ‘आजीवना’चा अर्थ ग्राहकाचे आयुष्य असा नव्हता, कंपनीस मिळालेल्या परवान्याच्या मुदतीशी तो निगडित होता.

२०१८ च्या उत्तरार्धात प्रमुख कंपन्यांनी किमान भरण्याची अट आणली. अठ्ठावीस दिवसांस सुमारे ३५ रुपये न भरल्यास जाणारी आणि पुढे येणारीही बोलावणी बंद होऊ लागली. खात्यात शिल्लक असताना सेवा तोडली जात असल्याच्या तक्रारी झाल्या तेव्हा, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, नियामक प्राधिकरणाने त्यात लक्ष घातले. किमान देणे मात्र कायम राहिले आणि वाढत गेले. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर प्रमुख खाजगी कंपन्यांच्या अठ्ठावीस दिवसांच्या सर्वांत स्वस्त अमर्याद बोलण्याच्या योजना १८९ ते १९९ रुपयांवर गेल्या. त्यांत पूर्वीपेक्षा अधिक सेवा अंतर्भूत होत्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्यास त्या नको होत्या त्यासही त्यांचे मोल द्यावे लागले.

अठ्ठावीस दिवसांचा हा महिना कोणत्याही पंचांगात नाही. वर्षात असे तेरा महिने होतात. १९९ रुपयांच्या हिशेबाने वर्षाचे देणे २,५८७ रुपये होते. बारा महिने धरले असते तर ते २,३८८ रुपये झाले असते. या तेराव्या भरण्याविषयी तक्रारी झाल्यावर प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये असा आदेश काढला की, प्रत्येक कंपनीने निदान एक योजना तीस दिवसांची आणि एक योजना दरमहा त्याच तारखेस नूतनीकरण होणारी ठेवावी. वस्तू आणि सेवा यांची गाठ तर याहूनही घट्ट बसू शकते. रिलायन्स जिओने जुलै २०१७ मध्ये जाहीर केलेला ‘जिओफोन’ १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या ठेवीवर देण्यात आला; तो त्याच कंपनीच्या सेवेवर चालणारा होता.

करमणुकीच्या साधनापुरता हा प्रश्न असता तर तो गैरसोयीचा प्रश्न राहिला असता. पण मोबाइल हे शेतकऱ्याचे दप्तर झाले. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणीची योजना सुरू झाली. तलाठ्याने शेतावर येऊन पिकाची नोंद करण्याऐवजी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून छायाचित्रासह ती करावी, अशी ही पद्धत आहे. बँकेचा व्यवहार आणि सरकारी अनुदानाची ओळख-पडताळणी यांसाठी मोबाइलवर येणारा संकेतांक लागतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीची नोंदणीही ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर ठेवली. खरिपाच्या पीक पाहणीचा काळ सामान्यतः ऑगस्ट-सप्टेंबरचा असतो. म्हणजे पऱ्हाटी शेतात उभी आहे, फवारणीची उधारी झाली आहे आणि चुकारा अजून तीन महिने दूर आहे, नेमका असा. या दिवसांत मोबाइलची मुदत संपली तर थांबते ती केवळ ख्यालीखुशाली नव्हे. सातबाऱ्यावर कापसाची नोंद राहिली, तर नुकसानभरपाई आणि हमीभाव या दोन्ही ठिकाणी शेतकऱ्यास पुराव्यासाठी धावाधाव करावी लागते. दोनशे रुपयांच्या चालू देण्यावर वर्षाच्या पिकाचा कागद अवलंबून राहतो.

७

या चार अवस्थांची तुलना केली असता एक क्रम स्पष्ट होतो. बलुत्याचे देणे पिकाबरोबर येई आणि पिकाबरोबर कमीअधिक होई. परवान्याचे देणे ठराविक असले तरी वार्षिक होते, आणि ते थकल्यास संच चालूच राही. सेलांचे देणे वापरावर अवलंबून होते. उपग्रह-छत्री आणि मोबाइल यांचे देणे ठराविक आहे, वापर न केला तरी मुदतीबरोबर संपणारे आहे, आणि थकताच वस्तू बंद करणारे आहे. देणे सोसण्याची शक्ती घेणाऱ्याच्या प्राप्तिक्रमावर अवलंबून असते. आणि मासिक वेतनदारास जी रचना सोयीची वाटते तीच कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्यास अडचणीची ठरते. अवजाराच्या बिघाडाशी किंवा शेतकऱ्याच्या अज्ञानाशी या अडचणीचा संबंध जोडणे म्हणूनच चुकीचे आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये नियामक प्राधिकरणाने केवळ बोलणे आणि लघुसंदेश यांपुरत्या स्वतंत्र योजना ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आणि अशा विशेष योजनांच्या मुदतीची कमाल मर्यादा नव्वद दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढविली. वार्षिक देण्याचा मार्ग त्यामुळे काही प्रमाणात पुन्हा मोकळा झाला. चुकारा आल्यावर एकदा भरावे आणि पुढील वेचणीपर्यंत निश्चिंत असावे, ही सोय टपाल कचेरीतील परवाना-पुस्तिकेच्या काळाची आठवण करून देणारी आहे. परंतु निव्वळ बोलण्याच्या योजनेवर पीक पाहणीचे छायाचित्र पाठविता येत नाही; आणि ज्या वर्षी बोंडअळीने किंवा अतिवृष्टीने चुकाराच हाती येत नाही, त्या वर्षी वार्षिक रक्कमही जडच जाते. त्या वर्षापुरते देणे कमी करण्याची जी तरतूद खळ्यावरील राशीत आपोआप होती, ती पुढील कोणत्याही व्यवस्थेत आलेली नाही. ज्या सरकारी नोंदींसाठी मोबाइल आवश्यक ठरविण्यात आला, निदान त्या नोंदींपुरती सेवा थकबाकीतही चालू राहावी की नाही, हा प्रश्न म्हणूनच ग्राहक आणि कंपनी यांच्यातील खाजगी कराराचा राहत नाही. नोंद सक्तीची करणाऱ्या शासनासही त्याचे उत्तर द्यावे लागेल.